मॉन्ट्रियलचा अर्धवट हंगाम



संप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठरलेली चित्रं येतात. गिरणीचा बंद दरवाजा, एसटी स्टँडवर बोचकी घेऊन बसलेले प्रवासी, बँकेच्या शटरला चिकटवलेला कागद. खेळाडूंचा संप काही डोळ्यांसमोर येत नाही. आपल्याकडे सामना पावसानं थांबतो, अंधुक उजेडानं थांबतो, एखादं कुत्रं मैदानात शिरलं तरी थांबतो. पण लाखो डॉलर मिळवणारे खेळाडू गिरणी कामगारांसारखे संपावर गेले, मालकांनी मैदानांना टाळी ठोकली आणि अख्खा हंगाम बुडाला, असं कुणी सांगितलं तर आपल्याला आधी हसू येतं. पोट भरलेल्यांचं भांडण, असं म्हणून आपण पुढे जातो.

अमेरिकेत आणि कॅनडात हे भांडण एकदा नाही, अनेकदा झालं आहे. मी आज त्याचा सगळा इतिहास सांगणार नाही. एका शहराची गोष्ट सांगणार आहे. कॅनडातलं मॉन्ट्रियल. हे शहर निवडण्याचं कारण असं, की १९९४ साली बेसबॉलच्या मालकांनी जो हट्ट धरला, तो अशाच लहान, कमी उत्पन्नाच्या शहरांच्या नावानं धरला होता. त्यांचे संघ जगले पाहिजेत म्हणून. आणि त्या हट्टातून जो संप उभा राहिला, त्यात पहिला बळी गेला तो मॉन्ट्रियलचाच.

मॉन्ट्रियलच्या बेसबॉल संघाचं नाव एक्स्पोज. १९६७ मध्ये त्या शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यावरून पडलेलं नाव. संघ १९६९ मध्ये सुरू झाला. अमेरिकेच्या मोठ्या लीगमधला, अमेरिकेबाहेरचा तो पहिला संघ. फ्रेंच बोलणारं शहर, आइस हॉकीचं वेड असलेलं शहर. पण उन्हाळ्यात बेसबॉलही आवडीनं पाहणारं. १९८३ च्या हंगामात तिथे २३ लाखांहून अधिक प्रेक्षक आले होते. म्हणजे त्या शहराला बेसबॉल कळतच नव्हतं, असं जे नंतर म्हटलं गेलं, ते काही खरं नाही.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये हा संघ बेसबॉलमधला सर्वांत चांगला संघ होता. बेसबॉलचा हंगाम लांबलचक असतो, प्रत्येक संघाला १६२ सामने. त्यातले ११४ झाले होते आणि एक्स्पोजनी ७४ जिंकले होते. अख्ख्या लीगमध्ये कुणाचीही कामगिरी इतकी चांगली नव्हती. आपल्या गटात ते बलाढ्य अटलांटाच्या सहा सामने पुढे होते. गंमत म्हणजे त्यांच्या खेळाडूंच्या पगाराचा एकूण खर्च लीगमधल्या सर्वांत कमी खर्चांपैकी होता, वर्षाला दोन कोटी डॉलरच्या आत. न्यूयॉर्कचा यँकीज संघ त्याच्या दुपटीहून जास्त खर्च करत होता. फेलिपे अलू नावाचा शांत, मुरलेला व्यवस्थापक आणि बहुतेक आपल्याच तालमीत वाढवलेली तरुण पोरं. लॅरी वॉकर, मार्किस ग्रिसम, मोइझेस अलू, आणि बॉल टाकणाऱ्यांमध्ये पेद्रो मार्टिनेझ नावाचा बावीस वर्षांचा सडपातळ मुलगा. ही नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

१२ ऑगस्टला संप सुरू झाला. ४८ सामने उरले होते. ते कधीच झाले नाहीत.

आता भांडण कशाचं होतं ते पाहू. हे समजायला आपल्याकडच्या ऊस उत्पादकाला एक मिनिटही लागणार नाही. झोनबंदी आठवते ना? तुमचा ऊस अमुक कारखान्याच्या हद्दीत, तर तो त्याच कारखान्याला घालायचा. शेजारचा कारखाना टनाला जास्त भाव देत असला तरी नाही. अमेरिकन बेसबॉलमध्ये खेळाडूंची जवळजवळ शंभर वर्षं अशीच झोनबंदी होती. एकदा एका संघाशी करार झाला, की तो संघ सोडेल किंवा विकेल तेव्हाच दुसरीकडे जायचं. कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूला १९६९ मध्ये असंच न विचारता दुसऱ्या शहराला देऊन टाकलं. तो कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. त्याची कारकीर्द त्यातच संपली. पण खेळाडूंच्या संघटनेनं धीर सोडला नाही. १९६६ पासून या संघटनेची सूत्रं मार्विन मिलर यांच्याकडे होती. हा माणूस पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेला अर्थतज्ज्ञ. वाटाघाटी कशा करतात, हे त्याला पाठ होतं. १९७५ मध्ये लवादानं निकाल दिला, झोनबंदी मोडली आणि पगार वर चढू लागले. १९९४ पर्यंत सरासरी पगार वर्षाला ११ लाख डॉलरच्या पुढे गेला होता.

मालकांना हे परवडत होतं, जोवर टीव्हीचा पैसा वाढत होता. इथे मंदी आली. सीबीएस या टीव्ही कंपनीनं १९९० ते १९९३ या चार वर्षांसाठी बेसबॉलला शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम कबूल केली होती. त्याच सुमारास अमेरिकेत मंदी सुरू झाली, जाहिरातींचा बाजार पडला आणि कंपनी त्या करारात सपाटून बुडाली. १९९४ पासून जी नवी व्यवस्था झाली, तिच्यात हमीची रक्कमच नव्हती. जाहिराती येतील तसा वाटा मिळेल. म्हणजे खेळाडूंचे करार आधीच्या तेजीतले आणि मिळकत नंतरच्या मंदीतली. कुठल्याही धंद्यात अशा वेळी मालक पहिली कात्री कुठे चालवतो, ते सांगायला नको.

मॉन्ट्रियलला आणखी एक दुखणं होतं. तिथला संघ तिकिटं विकायचा कॅनडाच्या डॉलरमध्ये आणि खेळाडूंचे पगार द्यायचा अमेरिकेच्या डॉलरमध्ये. १९९१ मध्ये आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा ज्यांची मुलं परदेशात शिकत होती, त्यांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. त्या वर्षी दहा लाख अमेरिकी डॉलरचा खेळाडू ठेवायला साधारण साडेअकरा लाख कॅनडियन डॉलर लागत. २००२ च्या सुरुवातीला त्याच दहा लाखांसाठी सोळा लाख मोजावे लागत होते. खेळाडूनं एक पैसाही जास्त मागितलेला नाही, आणि खर्च मात्र चाळीस टक्के वाढलेला.

तर मालकांनी जून १९९४ मध्ये मागणी पुढे केली की संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा हवी. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावामुळे ही कल्पना आता सगळ्यांना कळते. प्रत्येक संघाच्या पाकिटात ठराविक रक्कम, त्यापलीकडे बोली लावायची नाही. मालकांचं म्हणणं वरकरणी पटण्यासारखं होतं. न्यूयॉर्ककडे स्थानिक टीव्हीचा अमाप पैसा, मॉन्ट्रियलकडे, पिट्सबर्गकडे, मिलवॉकीकडे तो नाही. मर्यादा नसेल तर श्रीमंत शहरं गरीब शहरांचे खेळाडू पळवणार. मालकांचे म्होरके बड सेलिग हे स्वतः मिलवॉकीच्या संघाचे मालक, मूळचे मोटारविक्रेते. लहान शहराची अडचण त्यांनी स्वतः अनुभवलेली होती.

पण खेळाडूंनी विचारलं, की श्रीमंत मालकाला गरीब मालकाची इतकी काळजी असेल, तर त्यानं आपल्या टीव्हीच्या उत्पन्नातला वाटा त्याला द्यावा. आमच्या पगारातून का? डोनाल्ड फेहर हे तेव्हा संघटनेचे प्रमुख होते. त्यांच्याकडे मालकांवर विश्वास न ठेवण्याचं ठोस कारणही होतं. ऐंशीच्या दशकात मालकांनी आपसात गुपचूप संगनमत केलं होतं की दुसऱ्या संघाच्या मोकळ्या झालेल्या खेळाडूला बोलीच लावायची नाही. ते लवादापुढे उघडं पडलं आणि १९९० मध्ये मालकांना २८ कोटी डॉलर भरून द्यावे लागले. असा अनुभव घेतलेल्या माणसाला तुम्ही सांगा की आमचं नुकसान होतंय, हिशेब मात्र पाहू नकोस. तो कसा ऐकेल? मला विचाराल तर या वादात माझं मत खेळाडूंच्या बाजूनं पडतं. मर्यादेचं सोंग मालकांनी एकमेकांपासून स्वतःला वाचवण्यासाठी घेतलं होतं. उसाच्या पळवापळवीला कंटाळलेल्या कारखान्यांनी शेतकऱ्यालाच भाव कमी घ्यायला सांगावं, तसं ते होतं.

संप ऑगस्टमध्येच का? कारण खेळाडूंचा पगार हंगामभर हप्त्याहप्त्यानं मिळतो. ऑगस्टपर्यंत त्यांचा बराचसा पगार हातात पडला होता. मालकांची खरी कमाई ऑक्टोबरमध्ये, अंतिम फेरीच्या टीव्ही प्रक्षेपणातून. म्हणजे खेळाडूंचं कमीत कमी नुकसान आणि मालकांचं जास्तीत जास्त. हंगाम संपेपर्यंत थांबले असते, तर हिवाळ्यात मालकांनी मर्यादा लादली असती आणि मग हातात काहीच शस्त्र उरलं नसतं. अगदी सुगीच्या तोंडावर मजुरांनी विळे खाली ठेवावेत, तसा हा हिशेब.

मात्र गिरणीचा संप आणि खेळाचा संप यांत एक मोठा फरक आहे. मुंबईचा १९८२ चा संप आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलेला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तेव्हा गिरणगावात बोललं जायचं, की मालकांना संप पथ्यावरच पडलाय, गोदामात कापडाचे तागे पडून आहेत. कापडाचा साठा करता येतो. खेळाचा साठा करता येत नाही. सप्टेंबरचा न झालेला सामना डिसेंबरमध्ये बाहेर काढून विकता येत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना वाटतं की समोरचा आधी वाकेल, कारण दररोज पैसा डोळ्यांदेखत वाया जातोय. आणि दोघंही वाकत नाहीत.

१४ सप्टेंबर १९९४ रोजी सेलिग यांनी जाहीर केलं की उरलेला हंगाम रद्द आणि वर्ल्ड सिरीजही रद्द. अमेरिकेत हे किती धक्कादायक होतं, ते सांगतो. १९०४ नंतर वर्ल्ड सिरीज एकदाही चुकली नव्हती. पहिलं महायुद्ध झालं, दुसरं झालं, मध्ये महामंदी येऊन गेली. १९८९ मध्ये ऐन सिरीजमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, तेव्हाही दहा दिवसांनी सामने पुन्हा सुरू झाले. जे युद्धानं केलं नाही, ते पैशाच्या वाटणीनं केलं. सॅन दिएगोचा टोनी ग्विन त्या वेळी हजारात ३९४ च्या सरासरीनं फलंदाजी करत होता. १९४१ नंतर कुणीही चारशेचा टप्पा गाठला नव्हता. त्याला तो गाठता आला असता का, याचं उत्तर आता कुणालाच मिळणार नाही.

आणि मॉन्ट्रियलला तर दुहेरी फटका. १ ऑक्टोबर १९९४ ला आइस हॉकीच्या मालकांनीही टाळेबंदी जाहीर केली. ती जानेवारीत उठली आणि हंगाम ४८ सामन्यांवर आला. म्हणजे त्या पानगळीत मॉन्ट्रियलच्या माणसाला ना बेसबॉल, ना हॉकी. स्टेडियमबाहेर खाण्याची गाडी लावणारा, तिकिटं फाडणारा, मैदानाची सफाई करणारा, सामन्याच्या रात्री ज्याच्या हॉटेलात चार टेबलं जास्त भरतात तो मालक, यांची कुठली संघटना वाटाघाटीच्या टेबलावर नव्हती. यांच्या बुडालेल्या रोजाचा हिशेब कुणी मांडला नाही.

हिवाळ्यात मालकांनी पुढचं पाऊल टाकलं. डिसेंबरमध्ये पगारमर्यादा एकतर्फी लागू केली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी दोन्ही बाजूंना व्हाइट हाउसवर बोलावून पाहिलं. अमेरिकेच्या अध्यक्षालाही बेसबॉलचे मालक ऐकेनात. आणि १९९५ च्या वसंतात मालकांनी बदली खेळाडू आणले.

बदली. हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. गिरणीच्या दरवाजाशी पहाटे जाऊन उभं राहायचं, कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, आला तर घरी परत. बदली कामगारांना कायम करा, ही १९८२ च्या संपातली एक मागणी होती. अमेरिकेत बदली म्हणून आले ते दुय्यम लीगमधले होतकरू, निवृत्त झालेले, कुठे ट्रक चालवणारे, कुठे शाळेत शिकवणारे. मोठ्या संघाचा गणवेश अंगावर चढवायची एकच संधी. त्यांना दोष देणं माझ्या जिवावर येतं.

पण बाकीच्यांनी त्यांना माफ केलं नाही. डेट्रॉइटचा नावाजलेला व्यवस्थापक स्पार्की अँडरसन म्हणाला, मी बदली खेळाडूंना खेळवणार नाही, आणि पगारावर पाणी सोडून घरी बसला. बाल्टिमोरच्या संघाचे मालक पीटर अँजेलोस हे मूळचे कामगारांचे वकील. त्यांनी बदली संघ उतरवायलाच नकार दिला. टोरांटो ज्या प्रांतात आहे, त्या ओंटारिओत संपकाळात बदली कामगार ठेवायला कायद्यानं बंदी होती, म्हणून तिथल्या संघानं आपले घरचे सामने थेट फ्लोरिडात खेळायचं ठरवलं. आणि बास्केटबॉल सोडून दुय्यम बेसबॉलमध्ये नशीब आजमावणारा मायकेल जॉर्डन? बदली म्हणून खेळायला नको, म्हणून त्यानं बेसबॉलच सोडलं आणि मार्चमध्ये तो बास्केटबॉलला परतला. पुढच्या तीन विजेतेपदांचं श्रेय थोडंफार या संपाला द्यायला हरकत नाही!

बदलीचा हा शिक्का किती काळ टिकतो, त्याचं एक उदाहरण. केव्हिन मिलार नावाचा खेळाडू १९९५ मध्ये बदली म्हणून सरावाला उतरला होता. नंतर तो खऱ्या गुणवत्तेवर वर आला. २००४ मध्ये बोस्टननं ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, त्या संघात तो होता, संघाचा लाडका होता. तरीही खेळाडूंच्या संघटनेनं त्याला सभासद करून घेतलं नाही.

बदलींचा हंगाम सुरू व्हायला दोन दिवस उरले होते. ३१ मार्च १९९५ रोजी न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायाधीशांनी मालकांना जुने नियम पुन्हा लागू करायचा आदेश दिला. न्यायाधीश बाईंचं नाव सोनिया सोटोमायोर. २००९ मध्ये त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २३२ दिवसांनी संप मिटला. नऊशेहून अधिक सामने बुडाले होते. आणि ज्या मर्यादेसाठी एवढं रामायण झालं, ती मालकांना मिळालीच नाही. पुढच्या करारात त्याऐवजी जास्त खर्च करणाऱ्या संघांवर कर आणि उत्पन्नाची काही वाटणी आली. म्हणजे खेळाडू पहिल्या दिवसापासून जे म्हणत होते, जवळपास तेच.

प्रेक्षक रागावले होते. १९९५ मध्ये सरासरी हजेरी पाचव्या हिश्श्यानं घटली. न्यूयॉर्कच्या पहिल्याच सामन्यात तीन माणसं मैदानात घुसली आणि त्यांनी खेळाडूंच्या पायाशी एकेक डॉलरच्या नोटा फेकल्या. पण मोठ्या शहरांत हा राग ओसरतो. बाल्टिमोरच्या कॅल रिपकेननं त्याच सप्टेंबरात सलग २१३१ वा सामना खेळून लू गेरिगचा विक्रम मोडला, तेव्हा सगळं मैदान उभं होतं. एकही दिवस खाडा न करणारा माणूस, संपानंतरच्या वर्षी लोकांना आणखी काय हवं?

मॉन्ट्रियलला मात्र तेवढी सवड मिळाली नाही. संप मिटून हंगाम सुरू व्हायच्या आत, एप्रिलच्या पहिल्याच दिवसांत, हंगामाच्या शेवटच्या तिकीटविक्रीवर पाणी पडलेल्या संघानं आपले मोहरे विकून टाकले. ग्रिसम अटलांटाला, केन हिल सेंट लुइसला, जॉन वेटलँड न्यूयॉर्कला. लॅरी वॉकरला तर त्यांनी राहा असंही म्हटलं नाही, तो कोलोरॅडोला गेला. आता पुढचं ऐका. १९९५ ची वर्ल्ड सिरीज अटलांटानं जिंकली आणि शेवटचा झेल घेतला ग्रिसमनं. १९९६ ची न्यूयॉर्कनं जिंकली, मालिकेचा मानकरी वेटलँड. १९९७ मध्ये आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला वॉकर. त्याच वर्षी मॉन्ट्रियलच्याच गणवेशात सर्वोत्तम गोलंदाजाचा बहुमान मिळवणारा पेद्रो मार्टिनेझ महिन्या-दोन महिन्यांत बोस्टनला गेला. एखाद्या घरातली भांडी एकेक करून शेजारच्या घरी जावीत आणि तिथल्या पंगतीत आपल्याला दिसावीत, तसं त्या शहराला वाटलं असेल.

लोकांनी लगेच पाठ फिरवली असं मात्र नाही. १९९६ मध्ये संघ पुन्हा बरा खेळला आणि १६ लाख लोक आले. पण दरवर्षी आपण ज्याचं नाव पाठीवर छापलेला सदरा पोराला घेऊन दिला, तोच खेळाडू पुढच्या वर्षी नसणार, हे कळलं की माणूस सदरा घेणं थांबवतो. मग तिकीट घेणंही थांबवतो.

उरला होता एक उपाय, शहराच्या मध्यवस्तीत नवं मैदान. जुनं स्टेडियम १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं, प्रचंड, गारढोण, आणि कर्जात बुडालेलं. त्याच्या गोल आकारावरून लोक त्याला इंग्रजीत ‘बिग ओ’ म्हणत; पुढे त्याच उच्चाराचा ‘मोठं देणं’ असा अर्थ काढून चेष्टा करू लागले. ते देणं शेवटी २००६ मध्ये फिटलं, ऑलिंपिकनंतर तीस वर्षांनी! १९९८ मध्ये संघ नव्या मैदानासाठी क्वेबेक प्रांताच्या सरकारकडे पैसे मागायला गेला. सरकार तेव्हा तूट भरून काढण्यासाठी खर्च कापत होतं. पंतप्रधान ल्युसियाँ बूशार यांनी सांगितलं, इथे आम्हाला रुग्णालयं बंद करावी लागताहेत, स्टेडियमला पैसा कुठून देऊ? मला हा नकार चुकीचा वाटत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं. पण संघाचं भवितव्य त्या दिवशी जवळजवळ ठरलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत संघ ही खासगी मालमत्ता असते, ती उचलून दुसऱ्या शहरात नेता येते. आपल्या रणजी संघांच्या सवयीला हे पटकन कळत नाही. मुंबईचा संघ हरेल, पण मुंबईतून जाणार नाही. तिथे जातो. क्वेबेक सिटीचा हॉकी संघ १९९५ मध्ये डेन्व्हरला गेला आणि पुढच्याच वर्षी त्यानं स्टॅन्ली कप जिंकला. विनिपेगचा संघ १९९६ मध्ये फीनिक्सच्या वाळवंटात गेला. बर्फावरचा खेळ! कारण तेच, घसरता कॅनडियन डॉलर आणि लहान शहर. आपल्याकडे आयपीएलनं त्याची थोडी चव दाखवली. पुण्याचा वॉरियर्स संघ २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरला विकत घेतला गेला आणि पैशांच्या वादात २०१३ मध्ये बंद पडला. तेव्हा कुठल्या खेळाडूंच्या संघटनेनं काही विचारलं नाही, कारण तशी संघटनाच नव्हती. २०१९ मध्ये आपल्याकडे क्रिकेटपटूंची संघटना झाली, तीही निवृत्तांची.

मॉन्ट्रियलला २००१ मध्ये वर्षभरात मिळून साडेसहा लाखही प्रेक्षक आले नाहीत. त्या नोव्हेंबरात मालकांनी दोन संघ कायमचे बंद करायचा ठराव केला. मॉन्ट्रियल आणि मिनेसोटा ही ती दोन नावं. पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलचा मालक संघ सोडून गेला आणि बाकीच्या २९ संघांनी मिळून तो १२ कोटी डॉलरला विकत घेतला. विचार करा, तुमच्या संघाची मालकी तुमच्या प्रतिस्पर्ध्यांकडे! ऑगस्ट २००२ मध्ये खेळाडू पुन्हा संपाच्या उंबरठ्यावर होते. मुदत संपायला काही तास असताना करार झाला, तीन दशकांत पहिल्यांदाच संप किंवा टाळेबंदी न होता. त्यात खेळाडूंच्या संघटनेनं एक अट घालून घेतली, की २००६ पर्यंत कुठलाही संघ बंद करायचा नाही. संघ वाचला. शहर नाही. २००३ आणि २००४ मध्ये त्यांचे अनेक ‘घरचे’ सामने प्युर्टो रिकोत खेळवले गेले, तिथे तिकिटं खपतील म्हणून.

२९ सप्टेंबर २००४. मॉन्ट्रियलमधला शेवटचा सामना. ३१ हजारांहून अधिक लोक आले, संघ ९-१ असा हरला. पुढच्या एप्रिलपासून तो वॉशिंग्टनचा झाला. २०१९ मध्ये वॉशिंग्टननं वर्ल्ड सिरीज जिंकली. आणि योगायोग पाहा, त्या शेवटच्या सामन्याच्या तेरा दिवस आधी, १६ सप्टेंबरला, हॉकीच्या मालकांनी पुन्हा टाळं लावलं होतं. मुद्दा तोच, पगाराची मर्यादा. या वेळी खेळाडूंचीच फळी फुटली. अख्खा हंगाम रद्द झाला, १२३० सामने. १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीनं थांबलेला स्टॅन्ली कप त्यानंतर पहिल्यांदाच कुणाला दिला गेला नाही. जवळपास चारशे खेळाडू युरोपात जाऊन खेळले. जुलै २००५ मध्ये त्यांनी मर्यादा मान्य केली आणि चालू करारांतल्या पगारात २४ टक्के कपात सोसली. दहा वर्षांपूर्वी जशी होती, तशीच मॉन्ट्रियलची ती पानगळ. या खेपेला फक्त बेसबॉल कधीच परत यायचं नव्हतं.

हॉकीची मर्यादा त्या शहरांच्या उपयोगी पडली का? काही प्रमाणात पडली. पण त्याहून उपयोगी पडला डॉलर. २००७ च्या सप्टेंबरात कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरच्या बरोबरीला आला. २०११ मध्ये विनिपेगला पुन्हा हॉकी संघ मिळाला, तोही अमेरिकेतल्या अटलांटामधून उचललेला. क्वेबेक सिटीनं २०१५ मध्ये सरकारी पैशातून नवं कोरं मोठं सभागृह उघडलं. संघ मात्र आला नाही. २००८ च्या मंदीनंतर बास्केटबॉलच्या आणि हॉकीच्या मालकांनी पुन्हा टाळेबंद्या केल्या. दोन्ही ठिकाणी खेळाडूंचा उत्पन्नातला वाटा ५७ टक्क्यांवरून पन्नासच्या आसपास आला. बेसबॉलमध्येही २०२१ च्या डिसेंबरात टाळं लागलं, ९९ दिवसांनी उघडलं; सामना मात्र एकही बुडाला नाही. तो करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे.

मॉन्ट्रियलचं ते जुनं गारढोण स्टेडियम २०१४ च्या मार्चअखेरीला दोन दिवसांसाठी पुन्हा भरलं. टोरांटो आणि न्यूयॉर्क यांचे दोन सराव सामने होते, निकालाला काही अर्थ नसलेले. दोन दिवसांत ९६ हजारांहून अधिक लोक आले. १९९४ च्या संपाला त्या वर्षी वीस वर्षं होत होती, म्हणून त्या संघातल्या खेळाडूंना बोलावलं होतं. केस पांढरे झालेले, पोटं सुटलेले ते लोक एकेक करून मैदानात आले, आणि माणसं टाळ्या थांबवेनात.